थंडीतली दक्षिणवाट

दसरा आला, पाऊस ओसरला, नद्यांना उतार मिळू लागला, की आपल्या पूर्वजांची पथके मुलूखगिरीला बाहेर पडत. आज सीमोल्लंघन म्हणजे सोने लुटण्याचा सोहळा एवढेच उरले असले, तरी अठराव्या शतकात तो एका लांबच्या मोसमी प्रवासाचा आरंभ होता. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आज जी मराठी घरे नांदत आहेत, त्यांतील अनेकांची मुळे त्या प्रवासांतच सापडतात. मुक्काम कोठे पडेल, वैरण कोठे मिळेल, परत केव्हा फिरावयाचे, ह्याची आखणी घर सोडण्यापूर्वीच करावी लागे. ज्याला वाटेत आसरा मिळण्याची खात्री आहे त्याची आखणी निराळी, आणि ज्याला ती नाही त्याची निराळी. श्रोतेहो, आज मी आपणांला ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहे तो आपल्या देशातला नाही. परंतु हा भेद त्यात फार ठळकपणे दिसतो, म्हणून तो मुद्दाम निवडला आहे.

अमेरिकेच्या उत्तरेकडील न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो ह्या शहरांत डिसेंबरपासून बर्फ साचू लागते, आणि त्याच वेळी दक्षिणेच्या टोकाला असलेल्या फ्लॉरिडा राज्यात आपल्याकडच्या माघ महिन्यासारखे प्रसन्न ऊन पडलेले असते. म्हणून तेथील हजारो कुटुंबे, विशेषतः वयाने पिकलेली माणसे, दरवर्षी थंडीच्या तोंडाशी दक्षिणेकडे जातात आणि वसंत ऋतूत माघारी येतात. न्यूयॉर्कपासून मायामीपर्यंत हा प्रवास रस्त्याने सुमारे दोन हजार किलोमीटरांचा आहे. ह्या लोकांना तिकडे ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, असे कौतुकाने म्हणतात. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात हाच शब्द निराळ्या अर्थाने रूढ होता. हिवाळ्यापुरते अन्न आणि निवारा मिळावा म्हणून जे गरीब लोक सैन्यात नाव नोंदवीत आणि ऊन पडताच पळ काढीत, त्यांना हिमपक्षी म्हणत. एकाच शब्दाने प्रथम निराश्रिताला आणि पुढे सुखवस्तू प्रवाशाला ओळखावे, ह्यात ह्या वाटेचा बराचसा इतिहास आलेला आहे.

ही वाट प्रथम मळली ती श्रीमंतांच्या पायांनी. स्टँडर्ड ऑइल कंपनीत रॉकफेलरचे भागीदार असलेले हेन्री फ्लॅग्लर हे धनाढ्य गृहस्थ फ्लॉरिडाच्या हवेवर लुब्ध झाले. त्यांनी सेंट ऑगस्टीन ह्या जुन्या स्पॅनिश गावी १८८८ मध्ये ‘पोन्स द लिऑन’ नावाचे राजवाड्यासारखे हॉटेल उघडले. ते केवळ हिवाळ्याचे काही महिने चाले. पाहुणे यावयाचे तर रेल्वे हवी, म्हणून फ्लॅग्लर ह्यांनी लोहमार्ग दक्षिणेकडे वाढवीत नेला. १८९४ मध्ये तो पाम बीचला पोचला, १८९६ च्या एप्रिलमध्ये मायामीला, आणि १९१२ मध्ये समुद्रातील बेटांवरून पूल टाकीत थेट की वेस्टला. बडे लोक स्वतःच्या मालकीचे सजविलेले डबे गाडीला जोडून येत. त्यांच्या प्रवासाची आखणी मुनीम आणि नोकर करीत. शेठजींनी फक्त हवापालट करावयाची.

परंतु ज्या हातांनी हे रूळ टाकले त्यांचे काय झाले? मायामी गावाला शहराचा दर्जा मिळावा म्हणून १८९६ च्या जुलैत मतदान झाले, तेव्हा पुरेशी मते भरावीत ह्यासाठी कृष्णवर्णीय मजुरांची मते मोठ्या संख्येने नोंदविण्यात आली. शहर स्थापन झाल्यावर मात्र त्याच मजुरांना रुळांपलीकडच्या एका निराळ्या वस्तीत राहावे लागले. त्या वस्तीला पुढे ओव्हरटाउन हे नाव पडले. हे नाव आपण लक्षात ठेवावे. ते पुन्हा यावयाचे आहे. मायामीला पहिली गाडी आली त्यानंतर महिन्याभरातच, १८ मे १८९६ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ ह्या खटल्यात निकाल दिला, की गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे निरनिराळे ठेवणे घटनाबाह्य नाही. त्यानंतर कित्येक दशके दक्षिणेकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीय प्रवाशांना वॉशिंग्टन येथे डबा बदलून वेगळ्या डब्यात जाऊन बसावे लागे. गाडी तीच, वाट तीच. पण राजधानीपाशी येताच माणसामाणसांत भिंत उभी राही.

रेल्वेनंतर मोटार आली, आणि मोटारीबरोबर रस्त्याचा ध्यास आला. त्या ध्यासाचे मूर्तिमंत रूप म्हणजे इंडियानापोलिसचे कार्ल फिशर. सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून, मोटारीसाठी ॲसिटिलीन वायूचे दिवे विकून हे गृहस्थ गब्बर झाले; इंडियानापोलिसचे सुप्रसिद्ध शर्यतीचे मैदान १९०९ मध्ये उभे राहिले त्यातही त्यांचा हात होता. पुढे मायामीसमोरच्या खारफुटीने भरलेल्या एका लांबट बेटावर त्यांची नजर गेली. खाडीतली वाळू उपसून त्यांनी ते बेट भरून काढले आणि तेथे मायामी बीच हे नगर वसविले. आता भूखंड घेण्यास गिऱ्हाईक यावे कसे? फिशर ह्यांनी ठरविले, की शिकागोपासून मायामीपर्यंत पक्का रस्ता झाला पाहिजे. १९१५ च्या एप्रिलमध्ये चॅटनूगा येथे सभा भरली. प्रत्येक गावाला हा रस्ता आपल्या दारावरून जावा असे वाटत होते, आणि कोणालाच दुखवावयाचे नव्हते. म्हणून एकाऐवजी पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची अशा दोन शाखा मान्य झाल्या. हाच तो ‘डिक्सी हायवे’. नावाने हा एक रस्ता असला, तरी वस्तुतः ते अनेक रस्त्यांचे जाळे होते. मालमत्तेच्या लोभातून जन्मलेला हा रस्ता उत्तर आणि दक्षिण ह्या दोन प्रांतांना, यादवी युद्धाच्या पन्नास वर्षांनंतर, पुन्हा जोडणारा धागा म्हणूनही गौरविला गेला.

ह्या धाग्याची एक बाजू गौरवगीतांत आली नाही. दक्षिणेकडील राज्यांत रस्ते बांधण्यास साखळदंडांतील कैदी लावण्याची रीत होती. जॉर्जिया राज्याने १९०८ मध्ये कैदी खाजगी ठेकेदारांना भाड्याने देण्याची पद्धत बंद केली, आणि तेच कैदी सरकारी रस्त्यांच्या कामावर जुंपले. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती, आणि त्यांतील कित्येकांचा गुन्हा म्हणजे काम नसताना रस्त्यावर आढळणे एवढाच होता. रस्त्यावर रिकामे आढळल्याबद्दल पकडलेल्या माणसाकडून पकडणाऱ्याच्या सोयीचा रस्ता बांधून घ्यावा, ह्याहून कडवट विनोद इतिहासात क्वचितच सापडेल.

रस्ता झाला तसे मध्यम वर्गातले लोकही बाहेर पडले. हॉटेलची पायरी चढणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी मोटारीच्या मागेच तंबू, चूल आणि डबाबंद अन्न बांधून नेले. १९१९ मध्ये टँपा येथे अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटनाही काढली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा रिकामा डबा झाळून बसविणे ही तिची खूण होती. भूखंडांचा सट्टा १९२५ पर्यंत शिगेला पोचला, आणि सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने मायामीचे कंबरडे मोडले. तीन वर्षांनी शेअर बाजार कोसळला. फिशर ह्यांची सारी दौलत गेली आणि १९३९ मध्ये, आपणच वसविलेल्या नगरात, ते वारले. फ्लॅग्लर ह्यांचा समुद्रावरचा लोहमार्गही १९३५ च्या वादळात उद्ध्वस्त झाला. त्याच्याच पुलांवरून १९३८ मध्ये मोटाररस्ता नेण्यात आला. माणसे गेली, रूळही गेले, रस्ता राहिला.

आता प्रवासाच्या आखणीकडे वळू. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था १९०२ मध्ये निघालेली होती. सभासदाने आपला मार्ग कळविला, की ती नकाशाच्या लांबट पट्ट्या एकत्र बांधून त्याची वही करून देई. एकेक पान उलटावे, तसतसा रस्ता पुढे सरके. कोठे जेवण चांगले, कोठे रस्त्याचे काम चालू आहे, हे त्यात नमूद असे. गोऱ्या कुटुंबाला ह्याहून अधिक काही लागत नव्हते. चुकून मुक्काम चुकला, तर पुढच्या गावात दुसरी खोली मिळे.

त्याच रस्त्यावर कृष्णवर्णीय कुटुंबाची मोटारही धावत होती. पैसा होता, गाडी स्वतःची होती; पण पेट्रोल घेतल्यावर त्याच पंपावरचे शौचगृह वापरता येईल, ह्याची शाश्वती नव्हती. भूक लागली तर खाणावळीचे दार उघडेल की नाही हे ठाऊक नव्हते. अनेक गावांत तर सूर्यास्तापूर्वी कृष्णवर्णीयाने वेस सोडलीच पाहिजे, असा लिखित वा अलिखित दंडक होता. म्हणून ह्या कुटुंबांची शिदोरी हौसेची नसे, ती गरजेची असे. बुटांच्या खोक्यांत भरलेले तळलेले कोंबडीचे तुकडे आणि उकडलेली अंडी, पांघरुणे, पाण्याचे डबे, जादा पेट्रोलचा कॅन, आणि लहान मुलांसाठी एक बादली, एवढे सामान घेऊन ती निघत आणि शक्य तो रात्रभर गाडी हाकीत राहत. कोणी कोणी बरोबर शोफरची टोपी ठेवी. वाटेत पोलिसाने हटकले, तर गाडी मालकाची आहे आणि आपण नोकर आहोत, असे सांगता यावे म्हणून. स्वतःच्या कष्टाच्या गाडीत बसून स्वतःला नोकर म्हणवून घ्यावे लागणे, ह्यातला अपमान समजण्यासाठी कोणाला अमेरिकेचा भूगोल ठाऊक असण्याची गरज नाही. पाणवठ्यावर आणि धर्मशाळेत कोणाला जागा मिळे आणि कोणाला मिळत नसे, हा प्रश्न आपल्याही वाटांवर होताच.

ह्या अडचणीवर एका टपालवाल्याने उपाय शोधला. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहत आणि शेजारच्या न्यू जर्सी राज्यात टपाल वाटण्याचे काम करीत. त्यांनी १९३६ मध्ये एक लहानशी पुस्तिका छापली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोठे खोली मिळेल, कोठे जेवण, कोठे केशकर्तन, कोठे गाडीची दुरुस्ती, ह्याची ती यादी होती. आरंभी तिच्यात न्यूयॉर्क आणि आसपासचीच माहिती होती; हळूहळू तिने सारा देश व्यापला. ग्रीन ह्यांच्या आडनावावरून तिला ‘ग्रीन बुक’ म्हणत. ज्या गावात एकही हॉटेल नसे तेथे घरात पाहुणा ठेवणाऱ्या एखाद्या बाईचे नाव आणि पत्ता दिलेला असे. देशभर पत्रे पोचविणाऱ्या खात्यातील माणसाला कोणत्या आळीत कोण राहते ह्याची माहिती मिळविणे सुकर होते, असे वाटते. पण त्या माहितीचे मोल ओळखण्यास मन लागते. एस्सो कंपनीच्या पंपांवरही ही पुस्तिका मिळे. ग्रीन ह्यांनी तिच्या प्रस्तावनेतच अशी आशा व्यक्त केली होती, की एक दिवस असा येईल जेव्हा ही पुस्तिका छापण्याची गरज उरणार नाही. आपला धंदा बुडावा अशी इच्छा करणारा प्रकाशक विरळाच.

हवापालटाची ठिकाणेही त्यांना वेगळी शोधावी लागली. फ्लॉरिडाच्या ईशान्य कोपऱ्यातील अमीलिया बेटावर, जॅक्सनव्हिल येथील कृष्णवर्णीय विमा व्यवसायातील अग्रणी अब्राहम लिंकन लुइस ह्यांनी १९३५ मध्ये ‘अमेरिकन बीच’ ही वसाहत स्थापन केली. इतर किनाऱ्यांवर ज्यांना पाण्यात पाय टाकता येत नसे, त्यांनी येथे समुद्रस्नानाचा आनंद लुटला.

त्या काळात ह्या वाटेवरून आणखीही एक मोसमी तांडा जात असे, आणि त्याचा नकाशा कोणत्याच मार्गदर्शकात नव्हता. फ्लॉरिडातील बेल ग्लेडच्या परिसरात हिवाळ्यात भाजीपाल्याची तोडणी चाले. वसंत ऋतू येताच ते मजूर मालमोटारींत आणि मोडक्या बसगाड्यांत दाटीवाटीने बसून कॅरोलिना, व्हर्जिनिया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क असे पिकामागून पिके तोडीत उत्तरेकडे सरकत. श्रीमंत हिमपक्षी ज्या दिवसांत घरी परतत, त्याच दिवसांत हे लोक घर सोडीत. २५ नोव्हेंबर १९६० रोजी, म्हणजे अमेरिकेतील ‘थँक्सगिव्हिंग’ ह्या कृतज्ञतेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस दूरचित्रवाणीवर एडवर्ड मरो ह्यांनी ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा अनुबोधपट सादर केला. भरल्या पोटी बसलेल्या देशाला, आपल्या ताटातले अन्न कोणी तोडले, हे त्यांनी त्या संध्याकाळी दाखविले. ध्वनिक्षेपणाच्या साधनांनी काय साधावे, ह्याचा तो एक वस्तुपाठच होता.

निर्णायक वर्ष ठरले १९६४. स्थळ पुन्हा सेंट ऑगस्टीन, जेथे फ्लॅग्लर ह्यांचे हॉटेल उभे होते. त्या वर्षीच्या ११ जूनला तेथील एका मोटेलच्या उपाहारगृहात प्रवेश मागितल्याबद्दल डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांना अटक झाली. १८ जूनला त्याच मोटेलच्या तलावात गोरे आणि कृष्णवर्णीय कार्यकर्ते एकत्र उतरले, तेव्हा चालकाने पाण्यात आम्ल ओतले. ती छायाचित्रे जगभर छापून आली. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, सिनेटने नागरी हक्कांचे विधेयक मंजूर केले, आणि २ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांची त्यावर सही झाली. हॉटेले, खाणावळी आणि पेट्रोलपंप ह्यांना वर्णावरून गिऱ्हाईक नाकारण्यास बंदी झाली.

तरीही एक प्रश्न राहिला. खाजगी हॉटेलवाल्याने कोणाला खोली द्यावी हे सांगण्याचा केंद्राला अधिकार काय? ॲटलांटा येथील एका मोटेलमालकाने हाच सवाल घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले. त्याच्या मोटेलात २१६ खोल्या होत्या, ते दोन आंतरराज्य महामार्गांच्या जवळ होते, राज्यातील रस्त्यांवर त्याच्या पन्नासांहून अधिक पाट्या लागलेल्या होत्या, आणि त्याचे सुमारे तीन-चतुर्थांश पाहुणे परराज्यांतून येत. १४ डिसेंबर १९६४ रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन हा काँग्रेसचा अधिकार आहे, आणि वाटसरूला खोली नाकारणे म्हणजे त्या व्यापारालाच अडथळा आणणे होय. म्हणजे माणुसकीचा हक्क अखेर मिळाला तो महामार्गाच्या नात्याने! निकालाच्या पायाशी समतेचे सूक्त नव्हते, तर रस्त्यावरच्या पाट्या आणि खोल्यांची संख्या होती. पण न्याय आडवाटेने आला म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. ग्रीन बुकाची शेवटची आवृत्ती १९६६-६७ ची. ग्रीन स्वतः १९६० मध्येच वारले होते. आपल्या पुस्तिकेचा अंत पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

मात्र रस्त्याने एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढूनही घेतले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्या सहीने १९५६ मध्ये झालेल्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना हाती घेण्यात आली. त्यांतील ९५ क्रमांकाचा महामार्ग मेन राज्यापासून मायामीपर्यंत जातो. आजचे हिमपक्षी त्याच मार्गाने जातात. हा मार्ग मायामीत शिरला तो १९६० च्या दशकात, ओव्हरटाउनच्या छातीवरून. ज्या वस्तीत गोऱ्यांच्या हॉटेलांत गाऊन परतणारे नामांकित कृष्णवर्णीय कलावंत मुक्कामाला येत, तिची घरे आणि दुकाने पाडली गेली आणि हजारो माणसे विखुरली. ज्यांच्या मतांनी शहर उभे राहिले, त्यांच्याच अंगणावरून त्या शहराकडे येणाऱ्यांची वाट गेली.

ह्यानंतर आली ती मोटार वाहून नेणारी आगगाडी. कल्पना तशी जुनी. इंग्लंडात १८३० च्या दशकात रेल्वे सुरू झाली, तेव्हा खानदानी मंडळी आपली घोडागाडी सपाट वाघिणीवर बांधून घेत आणि मुक्कामी उतरल्यावर तिला घोडे जोडून पुढे जात. १९५५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने लंडन ते पर्थ अशी मोटारी आणि झोपेचे डबे नेणारी गाडी सुरू केली. अमेरिकेत हा विचार प्रत्यक्षात आणला यूजीन गारफील्ड ह्यांनी. वाहतूक खात्यातील नोकरी सोडून त्यांनी खाजगी कंपनी काढली, इतर रेल्वेंनी टाकून दिलेले जुने डबे विकत घेतले, त्यांना जांभळा-तांबडा रंग दिला, आणि ६ डिसेंबर १९७१ रोजी पहिली ‘ऑटो-ट्रेन’ सुटली. उत्तरेचे स्थानक वॉशिंग्टनच्या दक्षिणेस लॉर्टन येथे, आणि दक्षिणेचे ऑर्लँडोजवळ सॅनफर्ड येथे. गाडी थेट वॉशिंग्टनहून का सुटू नये? कारण मोटारींचे दुमजली डबे तेथील बोगद्यातून जाऊ शकत नाहीत.

आरंभी गाडीला तुडुंब प्रतिसाद मिळाला. परंतु १९७४ मध्ये लुइव्हिलहून दुसरी शाखा काढली ती आतबट्ट्याची ठरली. १९७६ आणि १९७८ मध्ये गाड्या रुळांवरून घसरल्या. आणि १९८० मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. एप्रिल १९८१ अखेर सेवा थांबली. मग ॲमट्रॅक ह्या सरकारी आश्रयाखालील संस्थेने ३० ऑक्टोबर १९८३ पासून ती पुन्हा चालू केली, आणि ती आजतागायत चालते. एप्रिल २००२ मध्ये क्रेसेंट सिटीजवळ झालेल्या अपघातात चौघे दगावले, तरी प्रवाशांचा विश्वास ढळला नाही. सुमारे १,३७६ किलोमीटरांचे हे अंतर गाडी एका रात्रीत तोडते. मधे कर्मचारी बदलण्यासाठी आणि इंधनासाठी ती थांबते, पण प्रवाशाला कोठेही चढता-उतरता येत नाही.

ह्या गाडीची आखणी मोठी शिस्तीची असते. दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी थंडीच्या तोंडावरच्या जागा महिनोन्‌महिने आधी राखाव्या. कारण गर्दी ज्या दिशेने असते त्या दिशेचे भाडे चढते आणि उलट दिशेचे उतरते. ठरलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी स्थानकावर हजर व्हावे लागते. तेथे गाडीच्या दाराला क्रमांक चिकटवितात, तिच्या अंगावर आधीच किती ओरखडे आहेत ह्याचे चित्रण करून ठेवतात, आणि मग कर्मचारी ती डब्यात चढवितात. एकदा मोटार आत गेली, की सकाळपर्यंत तिचे दर्शन नाही. म्हणून औषधे, चष्मा, रात्रीचे कपडे असा लहानसा गाठोड्याचा संसार अगोदरच हाताशी काढून ठेवावा लागतो. ही गाडी व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलिना आणि जॉर्जिया ह्या राज्यांतून रात्री जाते. एके काळी ह्याच मुलखात रात्री थांबावे लागेल ह्या भीतीने माणसे झोप न घेता गाडी हाकीत होती. आज त्यांची नातवंडे तेथे निर्धास्त झोपून जातात.

ही पद्धत आपल्यालाही अगदी परकी राहिलेली नाही. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी मालमोटारी वाहून नेणारी ‘रो-रो’ सेवा सुरू केली. तीत चालक आपल्या मालमोटारीच्या केबिनमध्येच बसून घाटांचा आणि बोगद्यांचा प्रवास करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशचतुर्थीच्या तोंडावर, त्याच मार्गावर खाजगी मोटारींसाठीही अशी गाडी निघाली. एका वाघिणीवर दोन ह्याप्रमाणे चाळीस मोटारींची तीत सोय करण्यात आली. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत चाललेले असताना गणपतीला गावी जाणाऱ्या माणसाला ह्या बातमीचे अप्रूप वाटावे, हे साहजिकच आहे. आपला हिमपक्षी हिमाला भिऊन पळत नाही. तो देवघरातल्या पाटाच्या ओढीने जातो.

अशी सोय वाढत जाईल तसतसे लांबचे प्रवास सुकर होतील, आणि ते व्हावेतच. परंतु फ्लॉरिडाच्या वाटेचा इतिहास पाहिल्यावर मला वाटते, की रस्त्याची प्रतवारी त्याच्या डांबरावरून करणे अपुरे आहे. ती करताना वाटेवरच्या खाणावळीत, धर्मशाळेत आणि पाणवठ्यावर कोणाला संकोचाने उभे राहावे लागते, हे पाहावे. तो रस्ता कोणी बांधला, आणि कोणाच्या घरावरून गेला, हेही विचारावे. घरातून निघताना आपण नकाशा पाहतो, शिदोरी बांधतो, मुक्काम ठरवितो. ज्याला ह्याखेरीज आणखी काही बरोबर घ्यावे लागत नाही, त्याने ते आपले भाग्य समजावे. आणि वाटेत ज्याला ते घ्यावे लागते असा कोणी भेटला, तर त्याला आपल्या शेजारी जागा करून द्यावी.